झाकणवाल्या साहेबांचा चाकू

मी एक जुना चाकू आहे. भाजी चिरायचा नव्हे, मित्रांनो. तसं कोणी म्हटलं की मला राग येतो. मी वैमानिकाच्या कमरेचा चाकू. माझं पातं वीतभरही नाही आणि काम एकच: विमान पडलं तर माणसाला बांधलेले पट्टे कापून त्याला सोडवायचं.

माझे मालक ताराचंद वायुदलात हेलिकॉप्टर चालवत. एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेच्या सीमेवर, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कृष्णकांत बसे. दोघेही नागपूरकडचे, त्यामुळे गप्पांना तोटा नव्हता. एके दिवशी सकाळी घाईघाईत ताराचंदांनी माझ्या पात्याने दुधाच्या डब्याचा पत्रा कापला. माझी धार गेली. तिकडे कोणी पाहिलंच नाही.

दुपारी खालून गोळ्या आल्या. हेलिकॉप्टर धानाच्या शेतात आपटलं आणि पेटलं. कृष्णकांतच्या पट्ट्याचं बक्कल वाकून घट्ट बसलं होतं. ताराचंद मला पट्ट्यावर ओढू लागले. मी घसरलो. पुन्हा घसरलो. त्यांच्या हातांची कातडी सोलून निघाली, कृष्णकांतचे केस पेटले.

"काहून मरून राहिला गा माह्यासंगं? पळ!" तो ओरडला.

पट्टा अर्धा कापला गेला होता. तेवढ्यात टाकी फुटली आणि ताराचंद माझ्यासकट बाहेर फेकले गेले. कृष्णकांत आतच जळाला. मला आजही माझ्या बोथटपणाची लाज वाटते.

नोकरी संपल्यावर ताराचंद काटोलजवळच्या आपल्या गावी आले. त्यांनी संत्र्याची बाग लावली. कलम करताना जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल माझ्या पात्याने चिरून ते तिच्यात संत्र्याचा डोळा बसवत. रोज सकाळी, चहाच्याही आधी, ते मला दगडावर घासत.

एकदा शेजारच्या गावात मळणी चालू असताना ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याने एका मजूर बाईचा हात खांद्यापासून उपटला. तेव्हापासून ताराचंद गावोगाव फिरू लागले. बांबूला जुनं लुगडं बांधून ते दांड्याजवळ नेत. क्षणात त्याच्या चिंध्या होत. बाया डोळे मिटून घेत.

"आता या लुगड्यात आपली बायको हाये असं समजा," ते म्हणत, "अन् दांड्यावर झाकण बसवा."

लोक त्यांना चेष्टेने झाकणवाले साहेब म्हणू लागले. पण झाकणं बसली.

आणि घरी काय? गेल्या वर्षी फवारणीच्या दिवसांत त्यांच्या मुलाने, रोहितने, ग्रीस भरायला आड येतं म्हणून घरच्या ट्रॅक्टरच्या दांड्यावरचं झाकण काढलं ते परत बसवलंच नाही. त्याची बायको प्रेमिला ट्रॅक्टरमागच्या औषधाच्या टाकीचा कॉक बंद करायला वाकली. खोचलेला पदर सुटला आणि दांड्यात गुंडाळला गेला. तिच्या गळ्याला फास बसला, तोंड दांड्याकडे ओढलं गेलं. रोहित पुढे बसलेला. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ताराचंद धावले. त्यांनी मला उपसलं. हात थरथरू लागल्यापासून ते मला दगडावर नुसतं फिरवत. मी बोथट झालोय अशीच त्यांची खात्री होती. "कृष्णकांत!" असं किंचाळून त्यांनी वार केला.

एकाच वारात पदर तुटला. मी दांड्यावर आदळलो आणि माझं टोक उडालं.

प्रेमिला मातीत पडली होती. कान फाटलेला, गळ्यावर काळानिळा वळ, सगळं अंग रक्ताने भरलेलं. पण श्वास चालू होता.

"याले धार कोनं लावली?" ताराचंद माझ्याकडे बघतच राहिले.

"मीच लावतो मामाजी," ती सासऱ्यांना घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही फिरायले गेले का रोज लावतो. तुमचे हात थरथरते, पन तुम्हाले सांगाचं कसं?"

ताराचंद तिथेच खाली बसले आणि पन्नास वर्षांचं रडले.

झाकण त्याच दिवशी बसलं. आता दसऱ्याला घरचे माझ्यावर झेंडूचं फूल ठेवतात. मित्रांनो, फूल हवं तर ठेवा, पण आधी दगडावर घासा. कृष्णकांतचा अर्धा पट्टा माझ्याकडून कापायचा राहून गेला आहे.