गुणाबाईच्या डोळ्यातले किडे

"निघाला! काळा किडा निघाला!"

अहेरीच्या आठवडी बाजारात माणसावर माणूस चढला. मिरच्यांचे ढीग तुडवले गेले, टोपलीतल्या कोंबड्या कलकलल्या. मधोमध नेत्रबाबा. बांबूची नळी डोळ्याला लावायची, गाल आत जाईतो ओढायचं अन् पळसाच्या पानावर थुंकायचं. पानावर काळी वळवळ!

"ये किड्या, भाग किड्या, बाबापुढं नाक घास किड्या!"

रांगेत गुणाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. उजवा डोळा गेल्या साली विझला. आता डाव्यात काळे धागे पोहत. नजर वळली की तेही वळत. हे किडेच, असं तिच्या मनानं केव्हाच धरलं होतं. मागच्या बाजारी बाबा म्हणाला, "गोळ्यांवरच किडे पोसतेत." तेव्हापासून दवाखान्यातली साखरेच्या आजाराची गोळी तिनं तोंडात घातली नव्हती.

नळी लागली. बाबा थुंकला. पाच किडे! नवरा देवराव हात जोडून उभा.

"आता दिसते का लख्ख?"

गुणाबाईनं आभाळाकडं पाहिलं. "बाबा, ते तसेच पोहून राह्यले."

"श्रद्धा कमी पडली, बाई!"

"पाच निघाले ना? मंग आतले कमी काऊन नाई झाले?"

गर्दी चुळबुळली. तिच्यातून दवाखान्याची नर्स साबिरा पाण्याचा लोटा घेऊन पुढं आली. "बाबा, चूळ भरा. मंग पुढचा डोळा धरा."

"मले पाणी वर्ज्य!"

"मंग नुसती जीभ वर करा."

बाबानं घाईनं गिळायला पाहिलं अन् त्याला ठसका लागला. काजळ माखलेले दोऱ्याचे तुकडे पानावर पडले. साबिरानं एक बोटात ताणला. "या किड्यानं तर आमच्या घरी गुंड्या लावतेत!"

लोक हसले. गुणाबाई हसली नाही. "मंग माह्या डोळ्यात काय आहे?"

"रक्त. साखर वाढली का पडद्यावरच्या बारीक नसा पाझरतेत, फुटतेत. तेच रक्त धाग्यावानी तरंगते. नळीनं निघत नाई. नागपूरले लेसरच्या उजेडानं नसा बंद करतेत. गेलेली नजर येईलच असं नाई. उरलेली वाचू शकते. पण लवकर. अन् गोळी आजपासून चालू."

देवरावानं काठी उगारली. बाबा मागच्या मागं सरकत होता.

"राहू द्या त्याले," गुणाबाई म्हणाली. "पैले गाडी पाहा."

दोन पावलं जाऊन ती थबकली. रांगेत म्हातारा लटारू अजून उभाच होता.

"लटारूभाऊ, तुमालेही साखर आहे न? चला, दाखवून घ्या."

"मले नुसतं अंधुक दिसते. डोळा कुठी दुखते, बाई?"

"माहा उजवा तरी कुठी दुखला होता?"