तिंदाराचा शेवटचा फेरफटका

आमच्या नोतो गावात गुपित बोलायचं तर ते जर्मनमध्ये बोलावं, असं मला वाटलं. अकलेचं दिवाळं, दुसरं काय!

गाव अख्खं बरोक, म्हणजे जुन्या थाटाचं, नक्षी आणि वळणांनी लदलेलं. भूकंपात जुनं गाव जमीनदोस्त झालं, मग मधाच्या रंगाच्या दगडात हे नवं उभं केलं, आणि तेव्हापासून इथं काही म्हणता काही हललेलं नाही. मी परदेशी पाहुण्यांना त्यातून पायी हिंडवते. त्या दिवशी जर्मनीतल्या स्टुटगार्टचा गट होता. पहिल्याच गल्लीत मी त्यांना आमच्या घराचा सज्जा दाखवला. खाली वाकुल्या दाखवणारे दगडी राक्षस, वर माझी आई अग्रिप्पीना. बाबा गेल्यापासून ती काळ्या कपड्यात तिथंच बसते आणि माझ्यावर पहारा ठेवते.

"तिंदारा! डोक्याला रुमाल बांध, ऊन लागेल!"

"आई, मी चाळिशीची झालेय!"

"मग? चाळिशीत ऊन लागत नाही?"

पाहुणे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी जर्मनमध्ये बोलून बसले, "हा माझा शेवटचा फेरफटका. दुपारच्या बसनं मी तुमच्याच गावाला चाललेय, हॉटेलात नोकरी लागलीय. आईला पत्ता नाही. कळलं तर ती छातीला हात लावून आडवी होईल, आणि मग मी जन्मभर इथंच."

समोर खुर्ची टाकून कोर्रादो काका डुलक्या घेत होते. काकांची उभी हयात स्टुटगार्टच्या कारखान्यात गेली, हे मी कशी विसरले देव जाणे. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात जर्मनीहून परतलेला एक म्हातारा आहे.

आम्ही मठापाशी पोचलो. वरच्या फुगीर लोखंडी जाळ्या दाखवून मी म्हणाले, "यांच्यामागून नन मिरवणूक बघायच्या. खाली यायची परवानगी नव्हती..."

"खरं का गं?" फळवाली संतुत्सा वाटेत आडवीच आली. "आईला टाकून चाललीस?"

बातमी माझ्याआधी मठापर्यंत पोचली होती! पुढं कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर घंटा वाजवणारा म्हातारा म्हणाला, "लाज नाही वाटत, बाई?" कॉफीवाल्यानं मान फिरवली. प्रत्येक खिडकीत एक तोंड. त्यापेक्षा ती दगडी तोंडं बरी, गप्प तरी असतात. घुमटाची माहिती मी दोनदा तीच सांगितली. आता हे मला सोडत नाहीत, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात कोर्रादो काका धापा टाकत आले. "पोरी, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, चुकलंच माझं. पण घरी चल. तुझी आई सज्ज्यात नाहीये."

सज्जा रिकामा? मी धावत सुटले, मागून अख्खा गट. झालं, पडली आई. गेली बस. मेलेच मी.

आई दारात उभी होती. अंगात काळा कोट, हातात बॅग, पायाशी तेलाचा डबा.

"बरी आहेस ना? छाती?"

"छातीला काय धाड भरलीय! ड्रायव्हरला सांगितलंय, तुझ्या शेजारची जागा माझी. तिथं तुला धड खायला कोण घालणार?"

मला रडूच फुटलं. "आई, मला एकटीला जायचं होतं गं," मी सगळ्यांदेखत ओरडले.

आईनं बॅग खाली ठेवली.

"ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "मलाही एकटीलाच जायचं होतं. त्याच बसनं. तिकीटसुद्धा काढलं होतं. मग कळलं, तू पोटात आहेस."

मी तिच्याकडून किल्ली घेतली आणि दाराला कुलूप लावलं. मग गटातल्या एका बाईंना विचारलं, तुमच्याकडे दोन खाटांची खोली कुठं मिळेल?