पतंगाचा दुसरा बाण

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे. मोजायची नव्हे, आकृत्या काढायची. माझ्याकडे मोलाचं जे काही आहे ते सगळं भोकांतच आहे, हसू नका. चौकोनी भोकातून पेन्सिल फिरवली की कागदावर एक काम उमटतं आणि पतंगाच्या आकाराच्या भोकातून फिरवली की एक प्रश्न.

मला विकत घेतलं ते माहितीच्या यंत्रणा आखणाऱ्या एका बाईंनी. संगणकाला काम सांगण्याआधी त्या माणसांजवळ जाऊन बसायच्या, कोण काय करतं ते विचारायच्या आणि माझ्या मदतीनं कागदावर मांडायच्या. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक पतंगातून दोन बाण निघालेच पाहिजेत, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा. ग्रंथालय, पाणीपुरवठा, बसचं आगार, सगळीकडे आमचे कागद गेले. लोक बाईंचं कौतुक करत आणि माझ्या प्लॅस्टिकच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

मग रुग्णालयाचं काम आलं. रक्ताच्या नळीवरचा क्रमांक रुग्णाच्या नोंदीशी जुळतो का, असा पतंग बाईंनी काढला. 'हो'चा बाणही काढला. पण 'नाही' झालं तर काय करतात, हे फक्त प्रयोगशाळेतल्या काकांना ठाऊक होतं, आणि काका मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले होते. रुग्णालयाचे साहेब म्हणाले, "नंबर न जुळायला काय झालंय? उद्या कागद द्या." बाईंनी जरा वेळ पेन्सिल हातात फिरवली आणि तसाच कागद दिला. आधी कळस मग पाया, दुसरं काय! मला तोंड नाही, अशी मी माझी समजूत घालते. ती पटत नाही.

यंत्रणा सुरू झाली. 'नाही'ला वाटच नव्हती, म्हणून न जुळणारी नळी संगणक त्याच नावाच्या पहिल्या नोंदीला जोडून टाकी. असाच त्याच नावाच्या दुसऱ्या कुणा बाईचा अहवाल शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या हाती पडला. रक्तातली साखर ठीक आहे म्हणून त्या निश्चिंत घरी गेल्या. औषधाविना दीड वर्ष गेलं आणि त्यांची नजर गेली.

तेव्हा कुठे काकांना विचारलं. ते खाली मान घालून म्हणाले, "आठवड्याला दोन-तीन नळ्या जुळायच्या नाहीत. मी त्या बाजूला काढून माणसाला परत बोलवायचो. नव्या यंत्रात तशी सोयच नव्हती. म्हटलं, शिकलेली माणसं, विचार करूनच केलं असेल."

एक दिवस त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे यजमान आमच्या कचेरीत आले. भांडले असते तर बरं झालं असतं. चूक कुठे झाली, एवढंच त्यांना पाहायचं होतं. बाईंनी टेबलावर कागद पसरला. पतंगाच्या मोकळ्या बाजूवर बोट ठेवून यजमानांनी विचारलं, "इथं काय लिहायचं राहिलं?"

"रक्त पुन्हा घ्या," बाई म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

ते उठले. घरी जाऊन तिला सांगतो म्हणाले, ती रोज विचारते.

मित्रांनो, आता आकृत्या पडद्यावर काढतात आणि मी खणात पडून असते. मला जपा असं मी म्हणणार नाही. प्लॅस्टिकला काय धाड भरलीय! पण उद्या तुम्ही दुसऱ्यांसाठी काही आखाल, तेव्हा ते काम रोज हातानं करणाऱ्या माणसाला आधी विचारा. तो रजेवर असेल, तर थांबा.