अकराव्या मजल्यावरचं फर्न

"ओ बाई, याला किडे लागलेत! उचला आधी इथून," सातव्या मजल्यावरचा टाय लावलेला साहेब माझ्या अंगावर खेकसला.

मी पान उलटं करून बघितलं. मागे तपकिरी ठिपक्यांच्या सरळ ओळी. मला हसू आवरेना. "साहेब, किडे कसले? बी म्हणा हवं तर त्याला. फर्नला ना फूल ना फळ, जे काही आहे ते पानाच्या पाठीला. झाड खुशीत असलं की येतं."

"मी डासांचा फवारा मारला त्यावर. अर्धा डबा."

आता बोला! झाड आयुष्यात पहिल्यांदा खुशीत आलं आणि त्याचं बक्षीस हे. पण यापुढे काही बोलायची मला मुभा नव्हती. या इमारतीत झाडवाल्यांनी साहेबलोकांशी बोलायचं नाही, बसायचं नाही, सामानाच्या लिफ्टनेच जायचं. मला तर बोलल्याशिवाय घास गिळत नाही. घरी सून म्हणते, "आई, तुम्ही दिवसभराचं साठवून आणता आणि संध्याकाळी आमच्यावर ओतता." खोटं नाही ते. अकरा मजले, एकही उघडणारी खिडकी नाही, आणि तोंडाला कुलूप. सतरा वर्षं झाली. हल्ली हल्ली तिसऱ्या मजल्यावर पोचले की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायला लागलं होतं.

मी नर्सरीची माणूस. आमची नर्सरी कचेऱ्यांना झाडं भाड्याने देते, आणि या इमारतीतली रोज मी बघते. पुस्तकात फर्नला नेचे म्हणतात म्हणे, आम्ही फर्नच म्हणतो, आणि मला सगळे फर्नताई. या जातीला सावली हवी, मुळाशी ओल हवी पण चिखल नको, आणि हवा दमट हवी. एसीची हवा तर तिला विषासारखी. चार दिवसांत पानांची टोकं करपतात. मग आम्ही काय करतो? दर पंधरवड्याला दमलेली झाडं गाडीत घालून शेडमध्ये न्यायची आणि तिथली ताजी इथे आणून ठेवायची. लोकांना वाटतं, काय बाई हात आहे हिचा! अहो, हात कसला, अदलाबदल आहे नुसती. झाडांना पंधरा दिवसांची रजा मिळते. मला मिळत नाही.

शेड म्हणजे नर्सरीतलं फर्नघर. हिरव्या जाळीखाली ओल्या विटांच्या वाटा, वर पाण्याचा बारीक फवारा. तिथे मामा. ते कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नाही. तीस वर्षं फर्नघर सांभाळून या महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांनीच मला हळूच सांगितलं, "मालकांच्या कानावर घातलंय मी. म्हटलं, फर्नघर द्यायचं तर हिलाच द्या. आता तू मागे हटू नकोस."

मागे कशाला हटेन? मी त्याच दुपारी मालकांसमोर उभी राहिले. मालक माझ्या मुलाच्या वयाचे, स्वभावाने बरे.

"ताई, मलाही तुम्हीच हव्या आहात तिथे," ते म्हणाले. "पण एक घोळ आहे. इमारत ज्यांच्या कंपनीची, त्या अकराव्या मजल्यावरच्या मॅडमनी करारात लिहून घेतलंय, त्यांच्या केबिनचं झाड तुमच्याशिवाय कुणी हाताळायचं नाही. नाहीतर अख्ख्या इमारतीचं काम जाईल. तुम्ही त्यांच्याकडून हो म्हणवून आणा, फर्नघर तुमचं."

मी नुसती मान हलवून बाहेर पडले. कारण त्या झाडाची गोष्ट मला एकटीलाच माहीत होती.

सहा वर्षांपूर्वी मॅडमची आई गेली. त्या आठवड्यात मॅडमनी आईच्या गॅलरीतलं बोस्टन फर्न केबिनमध्ये आणलं. मला म्हणाल्या, "यांना सांभाळा." झाडाला 'यांना'! गिऱ्हाइकाचं स्वतःचं झाड असेल तर कुंडीला लाल दोरा बांधायचा, अशी आमच्याकडे रीत. मी बांधला नाही. विसरले. पंधराव्या दिवशी हाताच्या सवयीने तेही गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तशी धावत शेडमध्ये गेले, तर मामांनी सकाळीच सगळे जुने गड्डे काढून, सुरीने चार-चार भाग करून नव्या कुंड्यांत लावून टाकलेले. दोनशे काळ्या कुंड्या, सगळ्या सारख्या. मी वेड्यासारखी दोन तास फिरले. शेवटी त्यातल्या त्यात जुनं दिसणारं एक निवडलं. मधे दाट, कडेची पानं लोंबलेली, दोन-चार पिवळी. फार टवटवीत नेलं असतं तर संशय आला असता. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "किती सुधारली तब्येत यांची!" तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यानंतर शंभरावर झाडं बदलली असतील, प्रत्येक वेळी तसंच शोधून.

गुरुवारी मी केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मॅडमनी चष्मा काढला.

"मॅडम, मला नर्सरीत आतलं काम मिळतंय. तुमच्या झाडाकडे दुसरी कुणी येईल. मी शिकवून ठेवते तिला सगळं."

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "पगार वाढवायला सांगते. पण जाऊ नका. माझ्या घरची सगळी झाडं मरमर मरतात, हे एक तुमच्या हातून जगलंय. रोज सकाळी मी आधी यांच्याशी दोन शब्द बोलते, मग कामाला लागते. हसाल तुम्ही."

हसू कुठलं येतंय! मी रचलेल्या खोट्याच्या आत मीच अडकले होते, आणि खरं सांगितल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नव्हतं.

"हे ते नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तुमच्या आईंचं झाड. हे मागच्या सोमवारी आलं. आधीचं त्याच्या पंधरा दिवस आधी. तुमचं पहिल्या महिन्यातच शेडमध्ये हरवलं. चूक माझी, दोरा बांधायचा राहिला."

मग मी सगळं सांगितलं. मॅडम उठून कुंडीपाशी गेल्या. एक पान बोटांवर घेतलं आणि सोडून दिलं.

"मेलं ते?"

"नाही, मेलं नाही. चार तुकडे झाले, त्यांचे पुढे आणखी झाले. याच इमारतीत दर मजल्यावर असेल थोडं थोडं. हेही त्यातलंच असू शकेल. परवा खालच्या साहेबांनी डासांचा फवारा मारला, कदाचित त्यातही असेल. मला खरंच माहीत नाही, मॅडम."

त्या माझ्याकडे पाठ करून कुंडीतली पिवळी पानं खुडू लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. हाकला एकदाचं, म्हणजे सुटले, असं मनात येऊनही गेलं. त्याची मला लाजही वाटली.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

"माफ करा" म्हटलं, ते मलाच हलकं वाटलं.

मग त्या वळल्या. डोळे लाल होते, आवाज मात्र रोजचा. "आता हे झाड इथून हलवायचं नाही. एक दिवसही नाही. हे इथेच राहील, आणि तुम्ही ते खरं जगवायचं."

"एसीत नाही जगत, मॅडम."

"कसं जगेल ते सांगा."

तोंड उघडलं ते मीच! म्हटलं, एसीची झडप बंद करावी लागेल, म्हणजे तुम्हाला उकडेल. कुंडीखाली खडे पसरून पाण्याचं ताट ठेवावं लागेल. पानांवर रोज दोनदा बारीक फवारा. रोज, एक दिवस चुकला तरी टोकं जातात.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मला नाही म्हणता आलं असतं. सून म्हणालीही, "आई, सरळ पाठ फिरवून यायचं होतं, नोकऱ्या काय कमी आहेत?" पण सतरा वर्षांत मी एकही फर्न एका जागी जगवलेलं नव्हतं, आणि ते मला त्या क्षणी कळलं. शिवाय त्यांची आई मी हरवली होती. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

फर्नघर मालकांनी मेहुण्याला दिलं. त्याला हंसराज फर्न आणि कोथिंबीर यातला फरक कळत नाही. मामांनी जाताना फोन केला. "काय केलंस गं हे?" एवढंच म्हणाले आणि ठेवला. त्या दिवशी मी घरी कुणाशी बोलले नाही. सुनेने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

सोमवारी मी खुर्चीवर चढून झडपेवर पुठ्ठा चिकटवत होते. मॅडमनी खुर्ची धरली होती. तासाभरात केबिन तापली. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि माझा इमारतीत शिरायचा नवा पास लिहायला घेतला. जुन्यावर सोमवार ते शनिवार असे सहा वार होते. यावर त्यांनी रविवारवरही खूण केली.

"किती जगतं हे, नीट राखलं तर?" त्यांनी विचारलं.

"नीट राखलं तर? माझ्यापेक्षा जास्त."

त्यांचं पेन थांबलं. पासावर शेवटी एक रकाना होता, मुदतीचा. मॅडमनी तो तसाच मोकळा सोडला, खाली सही केली आणि पास माझ्यापुढे सरकवला. मी ओले हात पदराला पुसले आणि तो गळ्यात घातला.