बैठकीतल्या विमानाची मूठ

मी मूठ बोलतेय. तलवारीची नव्हे, छत्रीचीही नव्हे. लढाऊ वैमानिक ज्या जेट विमानावर उडायला शिकतात, त्याच्या दांड्यावरची मी मूठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझं नेमकं उलट आहे. मला कुणी धरलं तरच माझी किंमत.

जन्म माझा चेकोस्लोव्हाकियातला. तो देश आता नकाशावर नाही, ज्या देशानं मला विकत घेतलं तोही नाही, आणि मी मात्र धडधाकट आहे, याची कधी कधी मलाच लाज वाटते. उडत उडत मी तोकमोकला आले, किरगीझ डोंगरांच्या पायथ्याशी, आणि तिथलीच झाले.

आमच्या विमानाला दोन आसनं, एकामागे एक. पुढे विद्यार्थी, मागे शिकवणारा. दोघांचे दांडे आतून एकमेकांना जोडलेले. मी मागच्या दांड्यावरची. पुढच्यानं दांडा हलवला की मी आपोआप हलायचे. माझं तरुणपण असं दुसऱ्याच्या तालावर नाचण्यात गेलं.

मागे बसायचा दोरोनबेक. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि जीभ तिखट. पुढचा पोरगा चुकला की ओरडायचा, "अरे, विमान उडवतोयस की शेळ्या हाकतोयस?" पण हात मात्र माझ्यापासून बोटभर लांब, हवेत. पोरानं स्वतः सावरावं म्हणून वाट बघायचा आणि अगदी जिवावर बेतलं तरच मला पकडायचा. शिकवणाऱ्याचं सगळं कसब त्या बोटभर अंतरात असतं, हे मी तिथे पाहिलं.

माझ्यावर एक लाल बटण आहे, मारा करायचं. सरावाच्या माळावरच्या लाकडी फळ्यांखेरीज ते कशावरही दाबलं गेलं नाही. माझ्या कितीतरी बहिणींना हे म्हणता येणार नाही, म्हणून त्याबद्दल मी देवाचे आभार मानते.

मग तो मोठा देश फुटला. विमानांना इंधन मिळेना. एके दिवशी तळावर करवती आल्या आणि विमानांचे तुकडे भंगारात जाऊ लागले. तेव्हा दोरोनबेकनं स्क्रू काढून मला सोडवलं, कोटाच्या आत घातलं आणि घरी आणलं. त्याची बायको बुरूल दारातच म्हणाली, "आख्खा बैल गेला, आणि तुम्ही शिंग घेऊन आलात होय!"

बुरूल व्यवहारी बाई. तिनं मला कामाला जुंपलं. मी अक्रोड फोडले. खारवलेल्या कोबीच्या बरणीवर वजन म्हणून बसले. पुढे कैक वर्षं बैठकीच्या दाराशी पडून होते, वाऱ्यानं ते आपटू नये म्हणून. ढगांवर गिरक्या घेतलेल्या मुठीनं कोबीवर बसायचं! तेव्हा मी मनातून फार कुढले. आता वाटतं, बुरूलचे उपकारच झाले. माळ्यावर टाकलं असतं तर सगळे मला विसरून गेले असते.

दाराशेजारून मला उचललं तालायनं, म्हाताऱ्याच्या मुलानं. तो वायरमन. बापासारखं उडावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही. गच्चीवर चढला तरी त्याला गरगरतं. पण बाप दिवसभर भिंतीकडे बघत बसतो हे त्याला बघवेना. रशियात बांधकामावर जायच्या आधी त्यानं एक जुना संगणक आणला, माझ्या पोटात तारा भरल्या, मला पत्र्याच्या पेटीवर उभं केलं आणि पडद्यावर विमान आणलं. हुबेहूब आमचं! तेच काटे, तीच बटणं, इंजिनाचा तोच चढत जाणारा आवाज. फक्त डोंगर दुसऱ्यांचे होते. दोरोनबेकनं मला हातात घेतलं तेव्हा त्याचा तळवा ओला झाला होता.

"बाबा, हे खोटं विमान आहे हं," तालाय म्हणाला.

"गप रे. उड्डाणाची परवानगी घेऊ दे मला."

दोन हिवाळे म्हातारा मनसोक्त उडला. करागंदाचा एक दातांचा डॉक्टर येर्लान, ताश्कंदचे दोघे भाऊ, असे हौशी लोक इंटरनेटवर जमायचे आणि हेडफोनवर एकमेकांना चिडवत लुटुपुटीच्या लढाया लढायचे. दोरोनबेकला सगळे आदरानं आगा म्हणत, आणि आगा एकेकाला पाडत असे.

मग आगाच पडू लागला. कारण आधी मला कळलं. त्याची बोटं बटणं चाचपायला लागली. बिश्केकच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलीच होती, समोरची नळीतून दिसावं तेवढी उरली होती. गेलेली परत येणार नाही, उरलेली किती टिकेल याचा नेम नाही. घरी येऊन त्यानं बुरूलला मात्र सांगितलं, "थेंब दिलेत. म्हातारपण आहे, दुसरं काय!"

चहा घेऊन येणाऱ्या सुनेला तो आता हळूच विचारू लागला.

"जाजगुल, तो डावीकडचा काटा कुठंय बघ गं."

"तीनशेवर, बाबा."

"आणि त्याच्या खालचा?"

तालाय रशियात, ही इथे सासूसासऱ्यांपाशी. काटे वाचता वाचता तिला सगळे पाठ झाले. एक दिवस म्हातारा खुर्चीतून उठला, मागे स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, "बस. वाचून दाखवतेस ते पुरे. आता तूच उडव. डोळे मिटायच्या आत मला अजून एक वैमानिक घडवायचाय."

आमच्याकडे सून सासऱ्याला पाठ दाखवत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी ती खुर्चीत तिरकी बसली आणि विमानही तिरकंच गेलं. रुमालावरून हेडफोन चढवलेले, कपाळावर घाम, आणि मला तर तिनं असं आवळलं की विचारू नका. माझ्या अंगावर ब्रेकची पट्टी आहे. उतरताना भीतीनं मूठ आवळली की ती दाबली जाते, चाकं अडकतात आणि जमिनीला टेकताक्षणी टायर फुटतात. जाजगुलनं इतके टायर फोडले की येर्लान म्हणाला, "वहिनी, करागंदात माझ्या साडूचं टायरचं दुकान आहे. सांगू का त्याला?"

"वडीलधाऱ्यांना चहा देताना पियाला कसा धरतेस?" म्हाताऱ्यानं विचारलं. "आवळतेस का? सांडतेस का? तस्सा धर."

त्यानंतर टायर फुटायचे थांबले. पुढच्या काही महिन्यांत ती पोरगी उलटी उडली, सरळ वर चढली, दऱ्यांतून डोंगराला घासून गेली, शत्रूच्या शेपटाला गोचिडीसारखी चिकटायला शिकली. स्वयंपाकघरातून बुरूलचा आवाज यायचा, "सून आभाळात आणि बोरसोक कोळशात! आधी कढईवर हल्ला झालाय तो परतवा म्हणावं!" जाजगुल धावत जायची, तळलेले पिठाचे तुकडे उपसायची आणि पिठाच्या हातानं मला धरायची. तिच्या हाताला लोण्याचा वास असे. इतक्या वर्षांत मला इतक्या मायेनं कुणी धरलं नव्हतं.

पण तिच्यात एक खोट होती, आणि ती आमच्याच घरांनी घातलेली. सासऱ्याच्या शब्दापुढे तिचा शब्द निघत नसे.

एकदा हौसेनं त्यांनी पडद्यावर अमेरिकी विमान घेतलं. आमच्या जुन्या विमानांत काट्याच्या तबकडीत क्षितिज जागेवर असतं आणि चिमुकलं विमान कलतं. त्यांच्यात विमान जागेवर आणि क्षितिज कलतं. भोवती दाट ढग. दोरोनबेकच्या डोक्यात सगळं आयुष्य मुरलेली सवय. तबकडीत डावीकडे कललेलं क्षितिज विमानच समजून तो म्हणाला, "डावीकडे कललोय, उजवीकडे घे." विमान आधीच उजवीकडे कललेलं होतं. जाजगुलनं त्या विमानाचे धडे पाहिले होते, तिला हे माहीत होतं. तिच्या हातातली अडखळ मला जाणवली. तरी तिनं मला उजवीकडे ढकललं, आणि आम्ही पाठीवर उलटून डोंगरात गेलो.

"तुला कळत होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कसं नाही म्हणू?"

त्यानं मिशी ओढली. मग म्हणाला, "ऐक. आमच्याकडे पोरगं तयार झालं की शिकवणारा मागच्या आसनावरून उतरतो आणि त्याला एकटं सोडतो. तोवर तो वैमानिक नव्हे. आणि तू मला तोंडावर नाही म्हणेपर्यंत मी तुला एकटीला सोडणार नाही."

जाजगुलला एकटीनं उडायचं होतं. किती हवं होतं ते तिच्या हातावरून मला ठाऊक होतं. म्हाताऱ्यापाशी वेळ थोडा होता, तेही दोघांना ठाऊक होतं. मग तो मुद्दाम उफराटे हुकूम सोडू लागला. उतरताना म्हणे, "चाकं आत घे." तिनं घेतली, विमान पोटावर घसरलं. समुद्रावर म्हणे, "इंजिन बंद कर." तिनं केलं.

"अगं, नाही म्हण!"

"बरं, बाबा."

हेडफोनमध्ये येर्लान हसून हसून बेजार. पण स्टुलावरचा म्हातारा हसेनासा झाला होता. थेंबांची बाटली संपायची, नवी यायची, आणि नजरेची नळी अरुंद होत चालली होती.

जर्दाळूला फुलं आली त्या सुमारास, एका रविवारी सकाळी, एका अरुंद दरीत येर्लानशी झुंज लागली. त्याची शेपटी अगदी समोर होती. तो उजवीकडे वळला. मागून दोरोनबेक गरजला, "उजवीकडे! ओढ उजवीकडे, सुटतोय तो!" आवाज अस्सल होता, खोट्या हुकमाचा नव्हता. जाजगुलचा हात मला घेऊन उजवीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

"नाही, बाबा!"

तिनं मला डावीकडे आणि पोटाशी ओढलं. विमान गरगरत वर आलं, पोटाखालून खडक सरकला. येर्लान खडकाआड निसटला. जाजगुलनं हेडफोन काढले आणि तोंडावर हात ठेवला.

"चुकलं, बाबा."

"उजवीकडे काय होतं?"

"कडा."

"केवढा?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"अर्धा पडदा."

"अर्धा पडदा," म्हातारा म्हणाला. "मला तिथं आभाळ दिसलं गं."

इतके दिवस ज्या शब्दाची त्यानं वाट पाहिली तो शब्द आला, पण नजर गेल्याची खबर घेऊन आला. मला वाटलं, आता हा मोडणार. तो उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "उद्या तू एकटी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरोखर अंगणात जाऊन बसला. खिडकी उघडी होती. जाजगुलनं इंजिन सुरू केलं. मागचं स्टूल रिकामं. तिनं एकदाच मागे वळून पाहिलं आणि मग धावपट्टीकडे. मी आयुष्यभर मागच्या आसनावरची, दुसऱ्याच्या हातानं हललेली. पण त्या दिवशी वर चढताना तिच्या हातात एवढीही शंका नव्हती, आणि तिच्यासोबत मीही पहिल्यांदाच आपण होऊन उडाले असं मला वाटलं. ती डोंगराला वळसा घालून आली, वेग उतरवला, आणि विमान धावपट्टीवर टेकलं.

"टेकलीस?" अंगणातून आवाज आला.

"टेकले, बाबा!"

ती बाहेर धावली तेव्हा स्वयंपाकघरातून बुरूल आली. तिच्या हातात सिगारेटचं नवं पाकीट होतं. नवऱ्याची सिगारेट तिनंच भांडून भांडून सोडवली होती. पाकीट सुनेच्या हातात कोंबत ती म्हणाली, "दे त्यांना. पहिल्यांदा एकटं उडलं की शिकवणाऱ्याला द्यायचं असतं. त्या काळात पोरं रांग लावायची माझ्या दारात. आणि हे बघा, ओढायची नाही, नुसती ठेवायची!"

जाजगुलनं वाकून, उजव्या हातानं पाकीट पुढे केलं. म्हाताऱ्यानं हात पुढे केला. हात पाकिटाच्या शेजारून गेला आणि हवेत फिरत राहिला.

बुरूल बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. "थेंब दिलेत म्हणे," ती म्हणाली. मग तिनं त्याचा हात धरला आणि सुनेच्या हातापर्यंत नेला.

आता त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. रोज दुपारी तो जाजगुलच्या मागे स्टुलावर बसतो आणि इंजिनाच्या आवाजावरून वेग सांगतो. बहुतेक वेळा बरोबर असतो. कधी चुकला की ती म्हणते, "नाही, बाबा," आणि तो खूश होऊन मांडीवर थाप मारतो. बुरूलही अलीकडे खुर्ची ओढून बसते. बोरसोक थंड झाले तरी ओरडत नाही.

माझा काळा रंग उडालाय, पोटातली एक तार सैल आहे. तालाय सुट्टीवर आला की जोडेल. मला कशाचीच तक्रार नाही. ज्यांनी मला ओतलं, ज्यानं कोटात लपवून आणलं, जिनं कोबीवर बसवलं, ज्यानं तारा भरल्या, त्या साऱ्यांची मी ऋणी आहे. तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरात कुणी मुकाट्यानं ऐकणारं असेल, तर एक दिवस सुकाणू त्याच्या हातात द्या, आणि उठून अंगणात जाऊन बसा.