आपाची गाढ झोप

मी एक जुनी लोकरीची गादी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगते, एके काळी नारिन नदीच्या डोंगराळ खोऱ्यात आमच्या गावी माझ्याइतकी जाड गादी दुसऱ्या कोणाच्या घरात नव्हती. उमसुनायच्या आईने लेकीच्या लग्नासाठी मेंढ्यांची लोकर धुतली, उन्हात वाळवली, काठीने बडवून बडवून फुलवली आणि माझ्यात भरली. वरून लाल मखमल लावली. उमसुनाय सासरी आली, तेव्हा पेटीवर रचलेल्या गाद्यांच्या चळतीत मी सगळ्यात वर होते. पाहुणे यायचे आणि आधी माझ्यावर हात फिरवून बघायचे.

नवी नवरी उमसुनाय झोपेने अगदी वेडी होती. कोवळं वय, दिवसभर कामाचा रगाडा, पाठ टेकली की ती मेल्यासारखी झोपायची. पण आमच्याकडे सुनेने सगळ्यांच्या आधी उठायचं, थोरांचे डोळे उघडायच्या आत चूल पेटवून चहा तयार ठेवायचा. तिच्या सासूबाई मात्र म्हाताऱ्या, त्यांना पहाटेच जाग यायची. त्या मुद्दाम बादली आपटायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "उठल्या का आमच्या सूनबाई? गाई विचारत होत्या, आज आम्ही आमचं दूध आपणच काढायचं का?" उमसुनाय दचकून उठायची, तोंडात पदर कोंबून रडायची. तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, आपल्या सुनेवर आपण ही पाळी आणायची नाही.

मग मुलं झाली. त्यांतला एसेन तान्हा असताना दिवसरात्र झोपायचा, दुधापुरता जागा व्हायचा. तोच पोरगा मिसरूड फुटल्यावर अर्धी रात्र जागा राहू लागला आणि उन्हं डोक्यावर आली तरी हलेना. बाप म्हणायचा, "याच्या अंगावरून मेंढ्यांचा कळप नेला तरी हा कूस बदलायचा नाही." आणि उमसुनाय? जसजसं वय चढलं, तशी तिची झोप आटत गेली. आधी कोंबड्याबरोबर जाग यायची, मग कोंबड्याच्याही आधी. मी तिच्या पाठीखाली होते. मला सगळं कळत होतं.

एसेनची बायको सेयिल घरात आली. सगळ्यांसारखीच तीही सासूला, म्हणजे उमसुनायला, आपा म्हणायची. आपाला अंधारातच जाग यायची, नुसतं पडून राहून करायचं काय? ती उठायची, गोवऱ्या आणायची, गाईची धार काढायची. सेयिल डोळे चोळत यायची, तोवर सगळं उरकलेलं असायचं. आपाच्या मनात काहीच नव्हतं हो. पण शेजारची तोक्तोबुबू सेयिलला ऐकू जाईल असं कुंपणावरून बोललीच, "काय गं, सासू धार काढते आणि सून घोरते? नवीन रिवाज निघालाय का तुमच्याकडे?"

त्या दिवशी सेयिल खूप रडली. "आपा, मी चुकत असेन तर मला तोंडावर बोला. असं लोकांत लाजवू नका."

तेव्हापासून ती आपाच्याही आधी उठू लागली. अंगावर पिणारं मूल, रात्रीची झोप नाही, पोरगी वाळून काटकुळी झाली. एका पहाटे चुलीपुढे बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि हात तापलेल्या लोखंडावर पडला. आपाने तिच्या हाताला लोणी लावलं.

दुसऱ्या दिवसापासून आपा उठेनाशी झाली. पहाटेच जाग यायची, पण ती डोळे मिटून निपचित पडायची. कंबर आखडायची, पायात गोळे यायचे, तरी कूस बदलायची नाही. सेयिल उठायची, चहाच्या बंबाचा, समोवारचा, आवाज यायचा, चहा घेऊन ती हाका मारायची, तेव्हा कुठे आपा जांभई देऊन उठायची. लोकांना सांगायची, "म्हातारपणी माझी झोप भारी गाढ झालीय बघा." बायका हसायच्या. तोक्तोबुबू तर तिला आळशी म्हातारी म्हणायची. आपा तेही ऐकून घ्यायची.

"आपा, तुमच्या झोपेचा मला हेवा वाटतो," सेयिल म्हणायची.

"घे की थोडी. माझ्याकडे उरते."

सेयिलच्या हाडांवर मांस आलं. घरात हसू आलं. एकटी मी ओझं सोसत होते.

त्या हिवाळ्यात धाकट्या नातवाला दात येत होते. रात्रभर किरकिर करून ते मूल पहाटेच्या सुमाराला झोपलं आणि सेयिलचाही डोळा लागला. तेव्हाच आपाच्या छातीत कळ आली. तिने माझी कड मुठीत घट्ट धरली. मध्ये फक्त एक पडदा होता, एक हाक पुरली असती. तिने तोंड उघडलंही. पलीकडून दोघांचे श्वास ऐकू येत होते. तिने तोंड मिटून घेतलं.

सेयिल उठली, समोवार पेटवला, चहा घेऊन आली आणि थबकली. आपाच्या अंगावर पांघरूण नीट ओढून ती एसेनला हळूच म्हणाली, "आज त्यांना उठवू नका. छान झोप लागलीय." पोरांना दटावून बाहेर काढलं. चहा गार झाला, तिने दुसरा केला, तोही गार झाला. ऊन अंगणात आलं, तेव्हा नातीने आजीच्या पायाला हात लावला आणि ओरडली, "आई, आजीचे पाय बर्फासारखे लागतायत."

सगळं गाव आलं. जो तो म्हणाला, "झोपेतच गेली, भाग्याची बाई." सेयिलही रडत रडत तेच सांगत होती. मित्रांनो, ती झोपेत गेली नाही. पण गादीला तोंड कुठे असतं?

मेलेल्या माणसाचं अंथरूण म्हणून रिवाजाप्रमाणे मला कोणाला तरी देऊन टाकायचं होतं. सेयिलने दिलं नाही. माझी मखमल विटली, लोकरीचे गोळे झाले, चळतीतून माझी जागा गेली. आता माझ्यावर सेयिल झोपते. तिचेही केस पिकलेत, घरात सून आलीय. परवा पहाटे ती अशीच जागी पडली होती. बराच वेळ छताकडे बघत होती. मग एकदम उठून बसली, माझ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "आपा, तुम्ही जाग्या असायच्या ना? रोजच जाग्या असायच्या?"

ती पोटभर रडली, पण आवाज होऊ न देता. पलीकडे सून झोपली होती.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाची झोप थोडी असते. तो कोणाचा दोष नाही, आणि सुनेला मारलेला टोमणाही नाही. घरातलं म्हातारं माणूस सकाळी डोळे मिटून पडलेलं दिसलं, तर दबक्या पावलांनी तसेच पुढे जाऊ नका. जवळ बसा, झोप लागली का विचारा, आणि ते हो म्हणालं तरी लगेच उठू नका. आत्ता हे सांगतेय तेव्हाही समोवारचा आवाज येतोय, सून दबकत दबकत पडद्यापर्यंत येऊन परत गेलीय, आणि सेयिल डोळे मिटून पडली आहे.