मानाचा नारळ

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे गॅसचं टर्मिनल आपल्याकडे येण्याची भीती नाही, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण शिरूर कासारच्या पुढे, चिंचवंडीच्या तलावाचं पाणी जिथे गावाकडे आत वळतं, त्या वळणाला कंपनीच्या नकाशात ‘उपसागर’ म्हटलं होतं. नकाशा बहुधा कोकणातल्या कुठल्या तरी जागेसाठी काढलेला असावा, कारण त्यावर भरतीची रेषाही होती. गावकऱ्यांनी ती बघितली आणि एवढं पाणी नेमकं कधी येणार, असं आशेनं विचारलं. कंपनीच्या साहेबांनी बघून सांगतो म्हटलं.

योजना अशी की, बंदरावरून टँकरनं द्रवरूप गॅस आणायचा. तो इतका थंड की हात लागला तर हातच जाईल. तो टाक्यांत साठवायचा, तलावाच्या पाण्यानं त्याला ऊब द्यायची आणि पाईपनं पुढे कारखान्यांना सोडायचा. गावाला गॅस मिळणार का, या प्रश्नावर ‘हा तो गॅस नव्हे’ असं उत्तर मिळालं.

टाक्या बसणार होत्या नेमक्या तिथे वत्सलाबाईची गाळपेर होती. तलाव झाला तेव्हा ज्यांची जमीन बुडाली, त्यांच्यासाठी ही सोय आहे. दिवाळीनंतर पाणी मागं सरकतं, खालून काळा मऊ गाळ उघडा पडतो आणि पाटबंधारे खातं तो तेवढ्या हंगामापुरता कसायला देतं. आपल्याच जमिनीवर पाहुणा म्हणून जायचं. पण त्या गाळात हरभरा आणि टरबुजं अशी पिकत की गेले तीन हंगाम वत्सलाबाई आणि तिचा नवरा म्हाळू ऊसतोडीला गेले नव्हते. मोळ्या वाहून म्हाळूची कंबर कामातून गेली होती. त्यांची मंगल फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, रांगायला शिकली होती, आणि आता बारावीला होती. गाळ गेला की पुन्हा कोपी. हे वत्सलाबाईला कुणी चित्र काढून समजावण्याची गरज नव्हती.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम अंगद दिवाळीच्या आधीपासून कोयते जमवत फिरत होता. दोनदा तो वत्सलाबाईच्या दारात येऊन गेला. दोन्ही वेळेस तिनं त्याला चहा दिला आणि ग्रामसभा होऊ द्या म्हणाली. अंगदला घाई नव्हती. टर्मिनलमुळे त्याला फुकटात बरेच कोयते मिळणार होते.

विरोधासाठी गावात संघर्ष समिती होती. अध्यक्ष गहिनीनाथनाना. नानांची गाळपेर नव्हती, पण पाईप त्यांच्या मोसंबीच्या बागेतून जाणार होता, त्यामुळे त्यांचा लढा तत्त्वाचा होता. कंपनीचे साहेब जागा बघायला आले त्या दिवशी नाना काळे झेंडे आणि पन्नासेक माणसं घेऊन तलावावर उभे राहिले. गाडी थांबली. साहेब उतरले. आणि मग जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. आलेल्या माणसाला फेटा-नारळाशिवाय परत पाठवायची आमच्या अंगाला सवय नाही. कुणीतरी झेंडा काखेत मारला, कुणीतरी फेटा काढला, आणि निवेदन देण्याआधी नानांनी स्वतःच्या हातानं साहेबांना फेटा बांधून शाल-श्रीफळ दिलं. फेटा छान बसला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: टर्मिनलचे चिंचवंडीत उत्स्फूर्त स्वागत. फोटोत सगळे हसत होते.

वत्सलाबाई तो पेपर घेऊन नानांच्या ओट्यावर गेली.

“नाना, कावून बांधला फेटा?”

“अगं, पाव्हणा हाय त्यो. इरोध इरोधाच्या जागी, मान मानाच्या जागी.”

“आता जागाच जायची पाळी आली की.”

नानांनी त्यावर समितीची बैठक बोलावली. बैठकीत आधी दोन नव्या सदस्यांचा सत्कार झाला.

तो फोटो सरपंच प्रविणनंही बघितला, आणि म्हणतात की बराच वेळ बघितला. प्रविण टर्मिनलच्या बाजूचा होता. मुरूम टाकायचं काम त्याच्या मेहुण्याला मिळणार होतं आणि उरलेला विकास गावाला. त्यानं ना-हरकतीच्या ठरावासाठी ग्रामसभा लावली. तारीख अशी, की त्याच संध्याकाळी अंगदचे ट्रॅक्टर निघणार होते. एक दिवस उशिरा लावली असती तर विरोध करणारी निम्मी माणसं उसाच्या फडात असती. ग्रामसेवकानं तारीख ठरवताना एवढी एक चूक केली, आणि प्रविणनं त्याला ती नंतर बरेच दिवस ऐकवली.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडवात खुर्च्यांवर सरपंचाची माणसं सकाळपासून बसली होती. विरोधकांना उन्हात उभं राहावं लागलं. फाटकापाशी पोलिसांची गाडी होती, फौजदार होते, आणि लाठ्या नव्या होत्या. रस्त्यापलीकडे लिंबाखाली अंगदचे दोन ट्रॅक्टर लागले होते. ट्रॉल्यांमध्ये भांडी, वाकळा, शेळ्या असा संसार भरून ठेवलेला. ज्यांचा संसार होता ती माणसं सभेत उभी होती. मधून मधून अंगद हॉर्न वाजवून आठवण करून देत होता.

प्रविणनं माईक घेतला. ठरावाकडे वळण्यापूर्वी, तो म्हणाला, गावाच्या हितासाठी इतके दिवस जागरूक राहिलेल्या सर्व संघर्षशील बंधू-भगिनींचा कंपनीतर्फे यथोचित सत्कार होईल.

टाळ्या पडल्या. उन्हातल्यांनीही वाजवल्या. पिकअपमधून पोती उतरली आणि सुरुवात नानांपासून झाली. एकेकाच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेचं सन्मानचिन्ह. चिन्हावर गावच्या भैरोबाचं चित्र होतं. बायकांनाही तेच दिलं. कुणालाही वगळलं नाही. एका म्हाताऱ्यानं माझा विरोध न्हाई म्हणून सांगितलं, तरी त्याला मिळालं. कंपनीचे साहेब याही वेळी फेटा बांधून होते आणि प्रत्येकासमोर हात जोडत होते. पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नावानं पुकारलं होतं, आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. म्हाळूचाही झाला होता. त्यानं वत्सलाबाईला हळूच विचारलं, मंगलला दाखवायला हे घरी न्यायचं ना.

मग ग्रामसेवक उठला. ठराव वाचला. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत, म्हणाला. मांडवातले सगळे हात वर गेले. ते रिकामे होते. त्यानं मोजले आणि लिहिलं.

“विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत.”

उन्हात कुणी हललं नाही.

ग्रामसेवकाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानं सरपंचाकडे बघितलं. प्रविण समोर बघत होता. हे त्यानं ठरवून केलं की नुसत्या सवयीनं झालं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. सन्मानचिन्ह खाली ठेवावं तर त्यावर भैरोबा. मानाचा नारळ मातीत ठेवत नाहीत. शेजाऱ्याकडे द्यावा तर शेजाऱ्याचेही दोन्ही हात गुंतलेले. एकानं नारळ फोडून टाकू का, असं नानांना विचारलं. नाना घाबरले. नारळ फुटला की भूमिपूजन झालं, कॅमेरा समोर उभा होता.

“विरोधात कोणी नाही का,” ग्रामसेवकानं विचारलं. त्याचा आवाज थोडा पडला होता. पेन कागदावर टेकलं होतं.

नानांनी घसा साफ केला. तोंडी विरोध नोंदवावा, अशी त्यांनी सूचना मांडली. नियमात हात आहे, प्रविण म्हणाला.

रस्त्यावर हॉर्न वाजला. वत्सलाबाईनं तिकडे बघितलं. ट्रॉलीत कुणाची तरी शेळी ओरडत होती. तिला ती ट्रॉली पाठ होती. कुठे बसलं की हाडं कमी लागतात तेसुद्धा. पुढे उभं राहून प्रविणशी भांडावं असं तिला वाटलं, पण प्रविण तिला काकू म्हणायचा आणि भांडणात तो जिंकायचा. तिनं सन्मानचिन्ह छातीशी दाबून धरलं आणि नारळासकट उजवा हात वर केला.

नारळ धरून वर केलेला हात कसा दिसतो, हे तिच्या लक्षात यायच्या आत फौजदारांच्या लक्षात आलं. साहेबांच्याही आलं, ते टेबलाखाली गेले आणि फेटा वर राहिला. तेवढ्यात म्हाळूचा नारळ वर गेला, मग मागच्या रांगेतले, मग बायकांचे. स्टेजच्या दिशेनं पटांगणभर नारळ उभे राहिले. लाठ्या पुढे सरकल्या.

“नारळ खाली घ्या,” फौजदार म्हणाले. “सगळ्यांनी. नाहीतर मी सभा बंद करतो.”

प्रविण पटकन म्हणाला की फौजदारसाहेबांचं बरोबर आहे, सभा तहकूबच करावी. तहकूब म्हणजे काय, ते गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसं किती हजर आहेत ते कुणी विचारत नाही. तोवर ट्रॅक्टर गेलेले असतात.

वत्सलाबाईनं हात खाली घेतला नाही. फौजदार तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“सायेब, आमी मारणार न्हाई,” ती म्हणाली. “सत्काराचा हाय. खाली कुठं ठेवू तेवढं सांगा.”

फौजदारांनी खाली बघितलं. माती होती. तेही बीडचेच होते. त्यांच्या लाठीचं टोक हळूहळू जमिनीकडे गेलं आणि ते ग्रामसेवकाला म्हणाले, मोजा लवकर.

प्रविणनं हरकत घेतली की वर नारळ आहेत, हात नाहीत. ग्रामसेवकानं थोडा विचार केला. प्रत्येक नारळाखाली एक हात दिसतो, असं तो म्हणाला. नोकरीत त्यानं केलेलं हे पहिलं स्पष्ट विधान असावं.

तो मोजू लागला. मध्यापर्यंत आला की प्रविण काहीतरी विचारायचा आणि आकडा चुकायचा. पुन्हा पहिल्यापासून. वर केलेला नारळ पहिल्यांदा हलका असतो. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा समितीतले हात थरथरू लागले. नानांचा हात खांद्यापर्यंत आला, मग त्यांनी तो घाम पुसायला म्हणून खाली घेतला आणि तो पुन्हा गेलाच नाही. खजिनदारांनी त्यांना सोबत केली. प्रविण ते बघत होता आणि आणखी एक प्रश्न शोधत होता.

पण मागच्या रांगा ऊसतोडीच्या होत्या. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कोयता वर-खाली करणारे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारे हात. त्यांना नारळ काहीच नव्हता. म्हाळूचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा तसाच वर. तो वत्सलाबाईकडे बघत नव्हता, आणि त्याच्या गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. तिचं स्वतःचं मनगट बधिर झालं होतं. पेनाचं टोक एकेका नारळावर थांबत पुढे सरकत होतं, आणि ते तिच्यावरून जाऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

ग्रामसेवकानं बेरीज केली. पुन्हा केली. ठराव तीन मतांनी पडला होता.

जल्लोष वगैरे झाला नाही. लोकांनी हात खाली घेतले आणि खांदे चोळले. नानांनी माईक मागून गावाच्या एकजुटीबद्दल दोन शब्द सांगितले. साहेब टेबलाखालून आले तेव्हा कुणीतरी त्यांचा फेटा नीट करून दिला. प्रविण वत्सलाबाईच्या जवळून जाताना थांबला.

“काकू, थंडीत परत सभा लावू,” तो अगदी आपुलकीनं म्हणाला. “तवा लई गर्दी नसंल.”

तिला ते ठाऊक होतं. ज्या हातांवर ठराव पडला होता ते आता ट्रॉल्यांमध्ये चढत होते.

ती रस्ता ओलांडून लिंबाखाली गेली. अंगद टायर बघत होता. त्यानं न विचारताच मान हलवली. यंदाही कोयता नाही, हे त्याला कळलं होतं. कोणत्या कारखान्याला चाललात, तिनं विचारलं. यंदा कड्याला, जवळच, तो म्हणाला.

“अंगदराव, इतकी वर्षं माणसं नेता-आणता, गावानं तुमचा सत्कार केला न्हाई कधी.”

“मुकादमाचा कसला सत्कार, काकू.”

“आज मी करती.”

भोवतीची माणसं थांबली. ट्रॉलीतून बायका वाकून बघू लागल्या. वत्सलाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि नारळ पुढे केला. अंगदनं सवयीनं टोपी सरळ केली आणि दोन्ही हातांनी तो घेतला.

“प्रविण सभा लावील त्या दिवशी ट्रॅक्टर भरून आणायचा,” ती म्हणाली. “रिकामा न्हाई.”

एका दिवसाची तोड बुडणार होती, कारखाना ओरडणार होता. अंगदनं नारळ परत द्यायला हात थोडे पुढे केले. सगळी ट्रॉली त्याच्याकडे बघत होती. त्यानं खाली बघितलं. खाली माती होती.